तळ्यांच्या पाळीवरून प्रतापगडाला

लग्नाला तीन वर्षं होऊन गेली होती, तरी यांच्याशी माझं सलग असं बोलणं कधी झालंच नव्हतं. नातीला हे सांगितलं की ती हसते. पण गोंदियाच्या आमच्या घरात तेव्हा तशीच रीत होती. दिवसा नवऱ्यानं बायकोला हाक मारायची नाही, बायकोनं मोठ्यांदेखत नवऱ्यासमोर उभं राहायचं नाही. पाणी हवं असलं की हे ओसरीवरून कुणालाच उद्देशून नसल्यासारखं "पाणी" एवढंच म्हणायचे आणि मी दाराआडून तांब्या पुढं सरकवायची. खोलीत बोलावं तर कुडाच्या भिंतीपलीकडं सासूबाईंची खाट. आम्ही कुजबुजायचो, आणि कुजबुजून माणूस कामापुरतंच बोलतो.

हे शाळेत मास्तर होते, भूगोल शिकवायचे. सासऱ्यांचं धान-तांदळाचं दुकान होतं. घरात मराठी, दुकानात हिंदी. आम्ही दोघंही पोवारच, पण सासरची माणसं शहरात राहून आमची बोली विसरली होती. मी तिरोड्याकडच्या खेड्यातून, वैनगंगेच्या काठावरून आलेली, तोंडात पोवारी घेऊन. पहिलं वर्षभर मी बोलले की धाकटे दीर तोंड फिरवून हसायचे, म्हणून मी कमीच बोलायला लागले.

एकदा यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं की विलायतेत लोक सुट्टी काढून समुद्राच्या काठाकाठानं चालायला जातात. पाठीवर पिशवी, हातात काठी. पाच-पाच दिवस चालतात, संध्याकाळ होईल त्या गावी मुक्काम करतात आणि सकाळी पुन्हा निघतात. मी विचारलं, तिथं कुणाचं लग्न असतं की कोर्टाचं काम? हे म्हणाले, काहीच नसतं, नुसतं पाणी बघत चालायचं. मला ते खरं वाटेना. माझ्या माहेरी माणूस चालायचा तो शेतावर, बाजाराला, नाहीतर कुणाच्या मयताला.

पण यांच्या डोक्यातून ते जाईना. काही दिवसांनी पुन्हा कुजबुजत म्हणाले, आपल्याकडं समुद्र नाही, पण तळी तर आहेत. शाळेच्या भिंतीवर जिल्ह्याचा मोठा नकाशा होता. त्यात सौंदडपासून अर्जुनीपर्यंत निळे ठिपकेच ठिपके होते आणि मधोमध नवेगाव बांधचं तळं, चांगल्या रुपयाएवढा डाग. त्या ठिपक्याठिपक्यांनी चालत जायचं, असा यांचा बेत. नकाशाचा तेवढा तुकडा यांनी पातळ कागदावर उतरवूनही घेतला होता.

मी म्हटलं, आईंना काय सांगाल? त्यावर यांनी कागद उशाखाली सारला आणि कूस बदलली. मला वाटलं, विषय संपला.

नाताळची सुट्टी जवळ आली तेव्हा एक दिवस जेवता जेवता हे सासूबाईंना म्हणाले, मी प्रतापगडच्या महादेवाला नवस बोललोय, जोडीनं पायी येईन म्हणून. हा प्रतापगड आमच्याकडचा, अर्जुनीजवळचा. कशासाठी ते यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. तीन वर्षांत आमच्या घरात पाळणा हलला नव्हता, दुसरं कारण काय असणार? सासूबाईंचा भात वाढणारा हात थांबला. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मी दाराआड उभी होते, माझेही डोळे भरून आले. हा माणूस माझ्यासाठी देवाकडं काही मागतो आणि मला कळूही देत नाही, असं मनात आलं. त्या दिवशी यांच्याबद्दल मला जे वाटलं, ते तोवर कधी वाटलं नव्हतं.

सासरे थोडे कुरकुरले. लढाईचे दिवस होते. बिरसीला विमानं उतरायची जागा झाली होती आणि अधूनमधून डोक्यावरून घरघर जायची. रॉकेल मिळेना, कापड मिळेना. असल्या दिवसांत घरातल्या सुनेला घेऊन कुठं जातोस, असं त्यांचं म्हणणं. पण नवस म्हटल्यावर त्यांचंही काही चाललं नाही. निदान सौंदडपर्यंत छोट्या रेल्वेनं जा, गोंदियाच्या बाजारातून आमची सून पायी जाताना लोकांना दिसायला नको, एवढं त्यांनी कबूल करून घेतलं. सासूबाईंनी मात्र आपली अट घातली.

"नवस होय ना? मंग पायात काही घालाचं नाई. दोघांनीबी."

यांचा चेहरा एकदम उतरला. मी दाराच्या फटीतून पाहिलं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

निघालो त्या सकाळी सासूबाईंनी माझ्या गाठोड्यात नारळ, हळदकुंकू आणि हिरवा खण बांधून दिला. वाटेसाठी पोहे, गूळ आणि तिळाचे लाडू होते. छोट्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. डब्यात ओळखीचं कुणी नव्हतं, तरी सवयीनं मी पदर ओढून खिडकीबाहेर बघत राहिले आणि मनात महादेवाचं नाव घेत राहिले. धान कापून झाले होते. खळ्याखळ्यांत बैल गोल फिरत होते.

सौंदडला उतरून पाऊलवाटेला लागलो आणि थोड्या वेळात पहिलं तळं आलं. आमच्याकडं तळं म्हणजे जमिनीतला खड्डा नव्हे. उताराच्या तोंडाशी मातीचा उंच बांध घालून अडवलेलं पाणी. त्या बांधाला पाळ म्हणतात. कोहळी लोकांनी कितीतरी पिढ्यांपूर्वी घातलेल्या या पाळी, वर मोठमोठी झाडं वाढलेली. पाळीवरून चालताना एका हाताला पाणी जवळजवळ पायाशी येतं आणि दुसऱ्या हाताला शेतं खाली, खोलात दिसतात. कापलेल्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, लाखोळीची डाळ हिरवी झाली होती, कुठं जवस निळा फुलला होता. पाण्यावर शिंगाड्याचे वेल पसरलेले. एका बांधीत सारसाची जोडी उभी होती. आम्ही जवळून गेलो तरी त्यांनी मान वळवली नाही. माझ्यासाठी यातलं नवीन काहीच नव्हतं, पण धान कापण्याच्या किंवा रोवण्याच्या घाईवाचून ते सगळं मी पहिल्यांदाच बघत होते.

दुसऱ्या तळ्याच्या पाळीवर चिंचेखाली आम्ही बसलो. यांनी तळवे पुसले, आजूबाजूला पाहिलं आणि पिशवीतून चपला काढल्या.

मी घाबरले. "अहो, नवस आहे ना? मोडेल."

हे चपलांकडं बघत म्हणाले, "नवस नाही. मी कुठलाच नवस बोललो नाही. आईनं दुसऱ्या कशानं आपल्याला सोडलं नसतं."

मला आधी नीट समजलंच नाही. समजलं तेव्हा मी मांडीवरचं गाठोडं घट्ट धरलं. त्यातला नारळ हाताला लागत होता. सकाळपासून मी ज्या देवाचं नाव घेत होते, त्याच्याशी यांनी माझ्यासाठी काहीच बोलून ठेवलं नव्हतं. सासूबाईंचे डोळे आठवले, माझे स्वतःचे आठवले. मी विचारलं की निदान मला तरी का नाही सांगितलं. हे म्हणाले, तुला आईसमोर खोटं वागावं लागलं असतं, ते मला नको होतं. आणि मग म्हणाले, घरात तुझ्याशी धड बोलता येत नाही.

आज ते वाक्य आठवलं की मन भरून येतं. तेव्हा मात्र मला फक्त राग आला. मी उठले. म्हटलं, "तुमचा नवस नसेल. माझा आता आहे. मी पायात काही घालणार नाही." खरं तर घालायला माझ्याकडं चपला होत्याच कुठं? मी गाठोडं काखेत मारलं आणि चालू लागले.

हे मागून येत राहिले. बराच वेळ मला मागं चपलांचा फटक फटक आवाज येत होता. पाळ संपून वाट खाली शेतात उतरली, पुन्हा दुसऱ्या पाळीवर चढली, आणि केव्हातरी तो आवाज थांबला. मी वळून पाहिलं नाही. पण पुढच्या वळणावर तिरप्या नजरेनं दिसलं, चपला पिशवीत गेल्या होत्या आणि हे एकेक पाऊल बघून टाकत होते. धानाचे खुंट पायाला किती बोचतात हे ज्याला लहानपणापासून माहीत नाही त्याचे हाल होतात. मी चाल जराशी कमी केली. बोलले मात्र नाही.

उन्हं कलल्यावर एका गावात पोचलो. पारावर माणसं बसली होती. त्यांच्यातला एक उठून आला आणि म्हणाला, "काऊन जी, रेल्वे असून पायी कायले जाऊन राहिले?"

यांना सरळ नवस सांगता आला असता. पण सकाळच्या बोलण्यानंतर माझ्यादेखत पुन्हा तेच खोटं सांगायची यांना लाज वाटली असावी. हे तळी बघायची आहेत असं काहीतरी सांगू लागले आणि पटावं म्हणून खिशातून तो नकाशा काढला. त्यानं सगळंच बिघडलं. कागद हातोहात फिरला. हा सरकारचा माणूस की काय, मग सोबत बाई कशाला, असं चाललं. कुणीतरी म्हणालं, पळून आलेली दिसतात. एकानं कोतवालाला बोलवायला माणूस पाठवला. मग एक म्हातारा शेतकरी माझ्याकडं वळून म्हणाला, "कोनाची पोरगी होस तू, बाई?"

एवढ्या पुरुषांसमोर मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं. पदर कपाळाखाली ओढून मी म्हटलं, "गोंदियाचे होत आमी. हे आमचे मालक. प्रतापगडले नवस हाय, अनवानी जाऊन राहिलो."

सगळ्यांच्या नजरा आमच्या पायांकडं गेल्या. माझे पाय धुळीनं भरलेले होते, एवढंच. यांचे तळवे फाटले होते, अंगठ्यातून रक्त येत होतं. ते पाय बघून म्हाताऱ्यानं हात जोडले आणि नकाशा घडी करून यांना परत दिला. आम्हाला तो आपल्या घरी घेऊन गेला. जातीनं कोहळी, घरचं भरलेलं खळं. त्याच्या सुनेनं यांच्या पायांसाठी गरम पाणी ठेवलं. नव्या तांदळाचा भात, लाखोळीची डाळ आणि वांग्याची भाजी झाली. आम्ही जेवेपर्यंत म्हातारा स्वतः पानावर बसला नाही.

सकाळी निघताना त्यानं नव्या तांदळाची लहानशी पुरचुंडी यांच्या हातात ठेवली. म्हणाला, आमच्या नावानंबी महादेवापुढं टाका जी, माझ्यानं आता तिथवर येणं होत नाही. यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. गाव मागं पडल्यावर हे म्हणाले, "हे तांदूळ तरी आता पोचवायलाच हवेत." कालपासूनचं ते आमचं पहिलं बोलणं. मी हो म्हटलं.

आणि मग आम्ही बोलायला लागलो. आधी सांभाळून, तुटक. माणसं दिसली की मी दहा पावलं मागं राहायची, माणसं गेली की पुन्हा बरोबरीनं. काय बोललो ते सगळं सांगण्यासारखं नाही आणि बरंचसं आठवतही नाही. यांना दुकानात बसवायचं सासऱ्यांच्या फार मनात होतं आणि मास्तरकी धरली म्हणून ते वर्षभर यांच्याशी बोलले नव्हते, हे मला तेव्हा कळलं. लहानपणी यांना गाडीच्या शिट्टीची भीती वाटायची आणि घर मात्र टेशनाला लागून, हेही कळलं. मी माहेरच्या नदीचं सांगितलं. पुराच्या पाण्यात आम्ही पोरी म्हशींच्या शेपट्या धरून पलीकडं जायचो ते सांगितलं. हे थांबलेच.

"तुला पोहता येतं?"

मी म्हटलं, येतं की. तीन वर्षं एका घरात राहून यांना ते माहीत नव्हतं. यांना स्वतःला येत नव्हतं, आणि ते मला माहीत नव्हतं. आम्ही दोघंही हसलो. यांचं मोठ्यानं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. तोवर वाटायचं, यांना हसूच येत नाही.

नवेगावचं तळं दिसलं तेव्हा सूर्य डोंगरावर टेकला होता. आम्ही झाडीतून बाहेर आलो आणि समोर एकदम पाणीच पाणी. तिन्ही बाजूंनी डोंगर, जंगल पाण्यापर्यंत उतरलेलं, आणि मधल्या भागात बदकांचे असे थवे की पाण्यावर काळी सावली पडल्यासारखं वाटावं. हे तिथंच उभे राहिले. वर्गात मुलांना सांगायचं असतं तर यांनी पुष्कळ सांगितलं असतं. तिथं यांनी नुसतं माझ्या खांद्यावरचं गाठोडं काढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

गावातल्या देवळाच्या पडवीत मुक्काम केला. सकाळी काठाकाठानं पुढं निघालो, पण यांना पाऊल टाकवेना. तळवा सुजला होता. काठावर मासे धरणाऱ्या ढिवरांच्या झोपड्या होत्या आणि एका झोपडीपुढं एक बाई मोठ्या मडक्यात शिंगाडे उकडत बसली होती. तिनं यांची चाल बघितली आणि आम्हाला हाक मारून बसवलं. घरातून मोहाच्या बियांचं तेल आणून गरम केलं, चिंधी त्यात बुडवून माझ्या हातात दिली आणि शेक म्हणाली. मग मुठी भरभरून शिंगाडे पुढं केले. घरी असते तर तिच्या हातचं खायची मला मुभा नसती. तिथं मी खाल्ले. इतके गोड शिंगाडे मी नंतर खाल्ले नाहीत.

पायाचं निमित्त झालं आणि तो सगळा दिवस आम्ही तिथंच काढला. हे झाडाच्या बुंध्याला टेकून पाय उंच करून बसले. होड्या येत होत्या, जाळी वाळत होती. दुपारी मी बायकांच्या बाजूला आंघोळीला उतरले. पाणी थंडगार होतं. आधी नुसती उभी राहिले, मग मला राहवेना. कासोटा घट्ट खोचला आणि हात मारायला लागले. कितीतरी वर्षांनी. बरीच आत गेले तेव्हा मागून यांची हाक आली. हे सुजलेल्या पायानं लंगडत काठापर्यंत आले होते आणि हात हलवत मला मागं बोलवत होते. अख्ख्या काठाला ऐकू जाईल अशी, उघड्यावर, दिवसाढवळ्या मारलेली ती यांची पहिली हाक. मी मुद्दाम आणखी थोडी आत गेले.

परत आले तेव्हा ती बाई हसत होती. लुगडं वाळवत मी तिच्या चुलीशी बसले. तिनं विचारलं, "कायचा नवस होय, बाई?"

मी म्हटलं, "लेकराचा."

"मी बी गेली होती," ती म्हणाली. "मालक अन् मी. पायीच."

पुढचं विचारायचा धीर होईना. तिनं मडक्यातले शिंगाडे खालीवर केले.

"लेकरू नाई झालं. पन ते चार दिस मी इसरली नाई. आता मालकबी गेला, तरी नाई इसरली."

एवढं बोलून ती सरपण आणायला उठली. दुःखानं बोलली नाही, खुशीनंही नाही. मी ते यांना सांगितलं नाही. पण त्या दिवसानंतर माझा राग कुठं गेला, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी यांच्या पायांना चिंध्या बांधून आम्ही हळूहळू निघालो. तळ्याचा काठ सोडून जंगलातून गाढवी नदीपर्यंत आलो आणि मग नदीच्या काठानं. मोठं सुरेख पात्र होतं ते. खडकांमधून पाणी वाहायचं, मध्येच डोह लागायचे, काठाला जांभळीची दाट सावली. वाट एकदा या काठाला, एकदा त्या काठाला. नदी ओलांडताना मांडीपर्यंत पाणी आलं. यांना पोहता येत नसल्यानं मी पुढं झाले, हात मागं केला, आणि यांनी तो धरला. पलीकडं पोचल्यावरही सोडला नाही. वाटेत कुणी भेटेल म्हणून मीच थोड्या वेळानं सोडवून घेतला.

त्या भागात पुढं इटियाडोहचं धरण झालं. धरण भरल्यानंतर एकदा आम्ही दोघं बसनं तिथं गेलो होतो. ती वाट पाण्याखाली गेली आहे. हे हातानं दाखवत होते, इथं कुठंतरी असेल, नाही, तिथं असेल. मला काही ओळखू येईना. धानाला पाणी मिळालं, लोकांचं भलं झालं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. तरी त्या दिवशी परतताना, बस वळेपर्यंत आम्ही दोघंही मागं वळून पाणीच बघत होतो.

प्रतापगडला जत्रेचे दिवस नव्हते, म्हणून गर्दी नव्हती. पायथ्याच्या दर्ग्यावर डोकं टेकवून लोक वर महादेवाकडं जातात, तसंच आम्हीही केलं. म्हाताऱ्याचे तांदूळ यांनी स्वतः महादेवापुढं ठेवले. मी खण ठेवला, नारळ फोडला. हे बाजूला हात जोडून उभे होते. चढताना फार थकले होते, पण डोळे मिटून उभे राहिले ते बराच वेळ. काय मागितलं ते मी विचारलं नाही, यांनीही मला विचारलं नाही.

मूल आम्हाला झालं ते पुष्कळ वर्षांनी, देश स्वतंत्र झाल्यानंतर, एक मुलगी. सासूबाईंनी ती त्याच नवसाची म्हणून गावभर सांगितलं आणि तिला बैलगाडीतून प्रतापगडला नेऊन आणलं. आम्ही दोघांनी त्यांना कधी खरं सांगितलं नाही. पुढं पुढं तर खरं काय ते आमचं आम्हालाही सांगता आलं नसतं.

त्या वेळी प्रतापगडहून आम्ही अर्जुनीला आलो आणि छोटी गाडी पकडली. जी वाट चालायला आम्हाला इतके दिवस लागले, ती गाडीनं एका सकाळीत मागं टाकली. हे खिडकीशी बसून झोपून गेले. गोंदिया जवळ आलं तसा मी पदर पुढं ओढला आणि जरा लांब सरकून बसले.

घरी सासूबाईंनी दारातच आमच्या पायांवर पाणी घातलं. यांचे तळवे बघून त्या खाली बसल्या आणि स्वतःच्या हातानं ते धुऊ लागल्या. हे अवघडून पाय मागं घेत होते, त्या सोडत नव्हत्या. माझ्या पायांकडं बघून म्हणाल्या, तुझे बरे राहिले, खेड्यातले पाय.

मग शाळा सुरू झाली, दुकान सुरूच होतं. मी पुन्हा दाराआड आणि हे ओसरीवर. दिवसभरात एक शब्द नाही. मला वाटलं, झालं ते झालं, एवढंच आपल्या वाट्याचं होतं.

असेच काही दिवस गेले. एका रविवारी सासरे, दीर आणि हे जेवायला बसले होते. सासूबाई वाढत होत्या. मी आत भाकरी थापत होते. यांनी डाळीचा एक घास घेतला, मान वर केली आणि सरळ स्वयंपाकघराच्या दाराकडं बघून विचारलं, "अगं, डाळीला आज वेगळीच चव आहे. काय घातलंस?"

दिराचा हात ताटातच थांबला. सासऱ्यांनी मान आणखी खाली घातली. माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. सासूबाई डाव हातात धरून आधी यांच्याकडं, मग दाराकडं बघत होत्या. मला वाटलं, आता काहीतरी मोठं होणार.

"अव, इचारून राहिला ना तो," सासूबाई म्हणाल्या. "सांग ना. तोंड हाय ना तुले?"

मी दाराबाहेर आले. हात पिठानं भरलेले होते आणि पदर मागं सरकला होता, तो सावरायला हात मोकळा नव्हता. म्हटलं, लसूण जरा जास्त करपलाय.

सासऱ्यांनी घसा खाकरला आणि वाटी पुढं करून आणखी डाळ मागितली.